पेंढ्याच्या चाकावरून खाडीपर्यंत

लढाईचं चौथं साल. त्या साली रबर असं दुर्मीळ झालं होतं, की वडगावच्या एका बापानं म्हणे जावयाला अंगठीऐवजी सायकलची नवी ट्यूब घातली आणि जावईबुवा ती गळ्यात अडकवून चार दिवस गावभर मिरवले. खरंखोटं त्या जावयाला ठाऊक. पण परंदवडीच्या महिपतीनं आपल्या पोराच्या सायकलच्या दोन्ही टायरांत भाताचा पेंढा भरला, ही मात्र साऱ्या मावळानं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट.

पेंढाही साधासुधा नव्हे. आंबेमोहोराचा, नुकत्याच झोडपलेल्या भाताचा. महिपतीनं त्याच्या वेण्या वळल्या, टायरांत ठासल्या आणि वरून पाणी मारलं. भिजला की पेंढा फुगतो, टायर कसं दगडासारखं होतं. सायकल त्याच्या भिमाजीची होती. भिमाजी पलटणीत भरती झाला, मुंबईच्या बंदरातून बोटीत चढला आणि ती बोट कुठल्याशा समुद्रात बुडाली. त्यानंतर सरकारकडून एकच शब्द आला: बेपत्ता. मेला असंही नाही, आहे असंही नाही. त्या एका शब्दाला आता दोन वर्षं होत आली होती.

शब्द सरकारचा, पण तो वागवायचा भिमाजीच्या बायकोनं. रतनबाई विशीतली पोर. नवऱ्याबरोबर तिचा संसार एका पावसाळ्याचा. आता कपाळाला कुंकू लावलं तर बायका एकमेकींकडे बघत, पुसलं तर सासरा जेवायचा नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला निघालेल्या बाया दारापर्यंत येत आणि काय करावं ते न सुचून मागे फिरत.

रतनबाईचा भाऊ हौशीराम आंबीचा. गडी तोंडाळ, टिंगलखोर, पण बहिणीवर जीव. त्यानं तिच्या पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, एक ठिकाण बघून ठेवलं होतं. बिजवर होता, पण माणूस सरळ, आणि होळीपर्यंत थांबायला तयार. पंचांची ना नव्हती. त्यांची अट एकच: भिमाजीला मरताना पाहिलेला माणूस शोधा, चारचौघांत त्याचं बोलणं होऊ द्या, मग खुशाल पाट लावा. असा माणूस सापडू नये म्हणून महिपती मनातल्या मनात देवाला विनवत होता, आणि सापडावा म्हणून हौशीराम.

सापडला. लोणावळ्याच्या बाजारात सुकट विकणारी धोंडाबाई हौशीरामला म्हणाली, "आमच्या वारीचा रखमाजी त्याच बोटीवर खलाशी व्हता. वाचला तो. उद्या सांजच्या भरतीला मचव्यानं मुंबैला जानार, न् तिथून परत बोटीवर."

धोंडाबाईची वाडी पनवेलच्या खाडीकाठची. तिकडे रेल्वे नाही, आणि मोटारींचं पेट्रोल लष्करानं पिऊन टाकलेलं. पण तळेगावचे दिगंबर मास्तर दर पौषात, भाताची झोडपणी उरकली की, सायकलवाल्यांची टोळी घेऊन समुद्र बघायला जात. हौशीराम त्या टोळीतलाच. आणि योगायोग असा, की मास्तरांची टोळी दुसऱ्याच दिवशी निघणार होती. टोळी म्हणजे त्या साली मास्तर, हौशीराम आणि रेल्वेत कारकुनी करणारा शरच्चंद्र. बाकीच्यांची टायरं मेली होती. बातमी ऐकून चौथा आला महिपती, भिमाजीच्या सायकलवर.

पहाटे निघताना रतनबाईनं अंगणात सायकल धरली. सासऱ्याच्या तोंडाकडे न बघता ती म्हणाली, "मामंजी, जे आसंल ते आना. आर्दं आनू नगा."

महिपतीनं टांग मारली आणि निघाला.

*

पेंढ्याच्या चाकांवर बसणं म्हणजे दगडगोट्यांच्या ओढ्यातून बैलगाडी हाकणं. वडगाव येईतो महिपतीच्या दाढा जागच्या हलल्या. हौशीराम शेजारून चालवीत होता.

"आबा, वाटंत जनावर आडवं आलं तर थांबू नगा. सायकल खाऊन टाकील."

आणि खरंच, कामशेतला एक म्हैस मागं लागली. आंबेमोहोराचा वास तिला लागला असावा. कार्ल्याच्या फाट्यापर्यंत ती त्या चार सायकलींमागं धावत होती, आणि तिच्यामागं तिचा धनी शिव्या देत. मास्तरांनी शिट्टी वाजवून तिला थांबायची खूण केली म्हणतात, आणि ती थांबली. शाळेतली पोरं मात्र त्या शिट्टीला कधी थांबली नाहीत.

महिपती हसला नाही. हौशीराम पुढे गेला की तो पायडल जोरात मारी, मागे पडला की पुन्हा पुन्हा वळून बघे.

वळवणच्या तळ्याशी भाकरी खायला थांबले. मास्तर आणि शरच्चंद्र पाण्याकडे गेले, तेव्हा हौशीरामनं टिंगल बाजूला ठेवली.

"आबा, त्यानं काय बी सांगू द्या. होळीच्या आत मला रतनीला न्यायचीय."

"आन जित्ता हाय म्हनला तर?"

"तर दोन वर्सं कागूद का न्हाई?"

"त्याला लिवता कुटं येतंय?"

"दुसऱ्याकडनं लिवून घ्यायला काय हुतंय? तोंड तर हाय ना त्याला?"

महिपतीनं भाकरीचा तुकडा पुन्हा फडक्यात बांधला. "तुला त्यो मेलेलाच पायजे."

"मला माजी भन जित्ती पायजे," हौशीराम म्हणाला. "तुमच्या घरात ती दळती, कांडती, पानी आनती. पन जित्ती हाय का ती? बगा एकदा तिच्याकडं."

महिपती उठला आणि चाकावर मारायला पाणी आणायला तळ्याकडे गेला. परतून येऊन बघतो तर बाकीचे सायकलींवर चढलेलेही होते. घाईनं पाणी तसंच टाकून तोही निघाला.

*

खंडाळ्याचा वारा काय सांगावा! एका साहेबाची टोपी त्यानं उडवली, ती तिसऱ्या दिवशी खोपोलीच्या पाटलाच्या डोक्यावर सापडली, आणि ती आपलीच आहे असं पाटील शपथेवर सांगत होते. असल्या वाऱ्यात मास्तरांनी घाटाच्या तोंडाशी सगळ्यांना उतरवलं. घाट उतरताना त्यांचा एक नियम होता. प्रत्येकानं एक जाड फांदी तोडायची, सोल, म्हणजे जाड दोर, लावून सीटमागं बांधायची आणि ती रस्त्यावर फरफटत न्यायची. गाडीवान ओंडका बांधतात तसं. फांदी सायकलीला मागं खेचते, ब्रेकवर जोर पडत नाही.

"आणि कुणीही पुढच्याला ओलांडायचं नाही," मास्तर म्हणाले. "महिपतराव, ऐकताय ना? तुमच्या ब्रेकची रबरं झिजलीत."

"ऐकतोय, मास्तर."

पण निघायच्या घाईत हौशीराम सगळ्यांत पुढे लागला. त्याच्या फांदीनं उडवलेली धूळ महिपतीच्या डोळ्यांत, नाकात, दातांत. पहिल्या वळणावर हौशीराम दिसला, दुसऱ्यावर नुसती धूळ दिसली, तिसऱ्यावर धूळही दिसेना. आणि महिपतीच्या मनात आलं: हा आधी पोचणार. त्या खलाशाला बाजूला घेणार. असं बोल, तसं बोल म्हणून पढवणार. आपण पोचू तेव्हा भिमाजी मेलेला असेल.

त्यानं थांबून कमरेचा कोयता काढला आणि एका घावात सोल तोडला. फांदी मागं पडली.

मग सायकल जी सुटली! मास्तरांच्या शिट्ट्या मागच्या मागे विरल्या. वळण आलं की महिपती दोन्ही ब्रेक आवळी, वळण संपलं की सोडी. सकाळी भिजवलेला पेंढा उन्हानं आणि वाऱ्यानं केव्हाच वाळून कोळ झाला होता. रिमवर लोखंड घासत होतं. आधी वास आला, शेतात राब जाळतात तसा. महिपतीला वाटलं, कुणीतरी वर डोंगरात राब पेटवला असेल. मग धूर आला. खाली खोपोलीत लोकांनी तो धूर बघितला, रेल्वेनं घाटातून नवा फाटा काढला असं समजून दोघंजण तिकिटाला उठले, आणि एका म्हाताऱ्यानं तर पिशवीही भरली म्हणतात.

वर घाटात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मागचं चाक पेटलं होतं. जाळ धोतराला लागला तरी महिपती थांबेना. पुढच्या वळणावर त्याला हौशीरामची पाठ दिसली. जळक्या चाकानिशी त्यानं ती ओलांडली, पण चाक वाकून घासू लागलं आणि सायकल मंदावली.

हौशीरामनं सायकल टाकली, धावत जाऊन महिपतीला कमरेत धरलं आणि दोघेही रस्त्याकडेच्या दगडांवर कोसळले. त्यानं आपलं मुंडासं सोडून धोतराचा जाळ विझवला. तोवर महिपती उठून सायकलकडे गेला होता आणि दोन्ही हातांनी टायरातला जळता पेंढा ओरबाडून काढत होता.

"सोडा! आबा, सोडा ते! हात गेलं तुमचं!"

पेंढा निघाला, पण चाक वाकलं होतं, सीट जळून स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या. महिपतीच्या तळव्यांची कातडी टायराला चिकटून राहिली.

"मरायला निगाला व्हता काय?" हौशीराम ओरडला.

"तू म्होरं चालला व्हतास."

"म्हंजी? शर्यत हाय का ही?"

"व्हय," महिपती म्हणाला. "हाय."

हौशीराम मुंडाशाच्या चिंध्या करून त्याच्या हातांना बांधत राहिला.

मास्तर आले, शरच्चंद्र आला. भिमाजीची सायकल कड्याच्या बाजूला उभी करून ठेवली. येताना नेऊ, असं मास्तर म्हणाले. महिपतीला आता हँडल धरता येणं शक्य नव्हतं. पुढचा सगळा रस्ता, खोपोली, चौक, पनवेल, तो हौशीरामच्या मागं कॅरिअरवर बसून गेला. बांधलेले हात मांडीवर, तोंडासमोर हौशीरामची घामानं भिजलेली पाठ. चढ आला की हौशीरामचा श्वास भात्यासारखा वाजे, पण त्यानं महिपतीला एकदाही उतरा म्हटलं नाही.

*

खाडीवर पोचले तेव्हा समुद्र घरी नव्हता. ओहोटी होती. नजर जाईल तिथवर काळा चिखल, आणि त्यात मचवा एका कुशीवर कलंडलेला. शरच्चंद्र वैतागून म्हणाला, "इतकी रपेट केली ती हे बघायला?" मास्तरांनी त्याला खुणेनं गप्प केलं. लांब एक माणूस पालथ्या होडीवर बसून खोकत होता. तोच रखमाजी, असं वाडीतल्या बायांनी सांगितलं. भरती चढली, मचवा उचलला, की तो जाणार.

"पयलं मी," महिपती म्हणाला. "मी बाप हाय."

हौशीरामनं त्याच्या चिंध्या बांधलेल्या हातांकडे बघितलं. "जावा. पन मागनं तो चारचौघांत बोलला पायजे. मास्तरांम्होरं."

रखमाजी चाळिशीचा असेल. एक कान भाजून आक्रसलेला. महिपती जवळ येताच तो सरकून बसला, जणू अशा माणसांना जागा द्यायची त्याला सवयच होती.

"कुठला तू, बाबा? सातारचा?"

"मावळातला."

"पोराचं नाव?"

"भिमाजी."

"भिमाजी!" रखमाजीनं मांडीवर थाप मारली. "अरे, वाघ गडी! त्याला कोन विसरंल? बोट फुटली तवा एका फळीवर चार जनांना बसवलान, न् सोता रातभर पोवत व्हता. रातभर! पहाटं दमला. मना हात केला त्यानं, न् गेला. असा पोर मी दर्यावर दुसरा नाय बघितला."

महिपती ऐकत होता. ओढा ओलांडायचा झाला तर भिमाजी म्हशीच्या पाठीवर बसायचा. पवनेच्या पाण्यात गुडघ्याच्या वर तो कधी उतरला नाही. गावची पोरं त्याला चिडवायची.

"त्याला पव्हता येत न्हवतं," महिपती म्हणाला.

रखमाजी खोकला. पुष्कळ वेळ खोकला.

"खरं सांग मला. तुज्या पाया पडतो."

"नको पडू," रखमाजी म्हणाला. आता त्याचा आवाज निराळाच होता. "मी खाली भट्टीवर व्हतो. कोलसा मारीत. मोठा आवाज झाला. डोला उघडला तवा पान्यावर व्हतो, न् सगला काळोख. मी एक शिपाई नाय बघितला, बाबा. एक पन नाय."

"मंग ह्ये समदं..."

"येतात ना लोक. कोन सातारशी, कोन जुन्नरशी. एक म्हातारी चालत आली व्हती. तिला बोल्लो, आये, मी नाय बघितला तुजा पोर. तर ती हितंच बसली, या होडीपाशी. जेवना, उठना. मंग बोल्लो, हां, बघितला, लय शूर व्हता. तवा उठली, पानी प्याली, न् गेली. तवापास्नं सांगतो." त्यानं चिखलात थुंकलं. "तू सांग, तुला काय पायजे. मेला सांगू? जित्ता पायजे, तर तसा पन सांगतो. दुसऱ्या बोटीनं उचलून नेताना बघितला, असा सांगतो. मंग बस वाट बघत. मना काय?"

काठावर तिघं उभे होते. हौशीराम बोडका, मुंडाशाच्या चिंध्या झालेल्या. महिपतीला वाटलं, एक शब्द, जित्ता, एवढाच बोलायचा. मास्तरांसमोर हा माणूस शपथेवर सांगेल. रतन घरात राहील. चूल पेटेल, भाकरी होईल, रात्री कुणीतरी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवील. आपण मरेपर्यंत. आणि त्याला कळलं, की पोरगा जिवंत असावा असं आपण दोन वर्षं म्हणत होतो, त्यातलं बरंचसं त्या भाकरीसाठीच होतं.

"मेला म्हन," तो म्हणाला.

"कसा?"

"कुनाला वाचीवलं बिचीवलं न्हाई. त्यातला न्हवता त्यो. साधा व्हता." महिपतीनं घसा साफ केला. "झोपला व्हता म्हन. झोप लय व्हती त्याला. आवाज झाला आन झोपेतच गेला. पान्यात पडलाच न्हाई."

"झोपेत," रखमाजीनं मान हलवली. "चांगला हाय. हा मना सुचला नव्हता."

*

मास्तर, शरच्चंद्र आणि हौशीराम होडीभोवती उभे राहिले. रखमाजी सांगू लागला. सांगितलं तेवढंच बोलायचं असं महिपतीनं त्याला बजावलं होतं, पण इतक्या बापांना सांगून सांगून त्याची जीभ तयार झालेली. तो म्हणाला, खालच्या मजल्यावर शिपाई ओळीनं झोपले होते. मी भट्टीकडे जाताना त्यांच्यामधून गेलो. तुमचा भिमाजी कडेला होता. तोंडावरून घोंगडी ओढलेली, नुसते पाय बाहेर. मी त्याच्या पायाला अडखळलो, तर झोपेतच त्यानं पाय आत ओढले. मग मी खाली गेलो, आणि आवाज झाला. तो मजला पहिला गेला.

मावळात थंडीच्या दिवसांत सगळेच तोंडावरून घोंगडी घेऊन झोपतात. सगळ्यांचेच पाय बाहेर राहतात. महिपतीला ते ठाऊक होतं, आणि ही गोष्ट कुठून निघाली हेही ठाऊक होतं. तरी त्याला ते पाय दिसले. टाचांना भेगा पडलेले, आत ओढून घेतलेले. त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की चिखलातले बगळे उठले.

मास्तरांनी टोपी काढली. शरच्चंद्रानं मान खाली घातली. आणि ज्यानं या बातमीसाठी वणवण केली, तो हौशीराम मटकन खाली बसून हमसाहमशी रडू लागला. "दाजी, दाजी," एवढंच तो म्हणत होता.

मरण कानावर आलं की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची. महिपती चिखलात उतरला आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागला. पाणी लांब होतं. पाय घोट्यापर्यंत रुतत, मग पोटरीपर्यंत. काठावरून मास्तर हाका मारत होते, "महिपतराव, विहिरीवर चला! इकडे विहीर आहे!" तो वळला नाही. शेवटी पाणी लागलं, तेही टीचभर. बुडी मारण्याजोगं नव्हतं. तो तिथंच मांडी घालून बसला.

जरा वेळानं मागून चपक चपक आवाज आला. हौशीराम येऊन शेजारी बसला. त्याचे डोळे सुजले होते.

"आबा."

"हं."

"तुमी त्याच्यासंगं लय येळ बोलत व्हता." हौशीराम थांबला. "तो खरं बोलला ना?"

महिपतीनं त्याच्याकडे बघितलं. न्हाई म्हटलं असतं तर या पोरानं तिथल्या तिथं सगळं मोडून टाकलं असतं. बहिणीच्या गळ्यातली पोत खोट्यावर तुटू देणारा तो नव्हता. घाटापासून त्यानं आपल्याला का वाहून आणलं, ते महिपतीला आता कळत होतं. पुढे कधी रात्री जाग आली, कुत्रं भुंकलं, अंगणात भिमाजीचं पाऊल वाजलंसं वाटलं, तर एकट्यानंच उठून दार उघडावं लागणार होतं, आणि का उठलो ते कुणाला सांगता येणार नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "खरं बोलला."

हौशीरामनं तोंडावरून हात फिरवला. "मंग तुमी नीट नहावा. मी बसतो हितंच."

पाणी चढायला लागलं होतं. आधी मांड्या बुडाल्या, मग कंबर. हातांच्या चिंध्यांत खारं पाणी शिरलं तसं महिपतीनं दात आवळले, पण हात वर घेतले नाहीत. मागं मचवा सरळ होऊन डुलू लागला होता आणि कुणीतरी रखमाजीला हाका मारत होतं. हौशीराम उठून उभा राहिला. पाणी छातीशी आलं तेव्हा महिपतीनं डोळे मिटले आणि डोकं पाण्याखाली घातलं.